नाइन एच म्हणजे हिरा नव्हे

'नवीन गाडी घेताय? शोरूममध्येच पेंट आणि फॅब्रिक प्रोटेक्शन करून घ्या, नाहीतर पस्तावाल.' घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज. खाली कारणांची यादी आणि जोडलेले हात. असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण दाजींनी तो वाचला आणि डिलिव्हरी घेताना दोन्ही करून घेतलं, रंगावर कोटिंगचा पारदर्शक थर आणि सीटवर स्प्रे, तेही कर्जात घालून. म्हणजे आता त्या चकाकीवर व्याजही भरायचं.

सगळ्यात मोठी थाप ही: 'कोटिंगचा कडकपणा नाइन एच, हिऱ्याच्या खालोखाल. ओरखडा पडणं अशक्य.' अहो, हिरा १० वर असतो तो मोह्‌सच्या खनिजांच्या कडकपणाच्या क्रमात. नाइन एचमधला एच पेन्सिलीचा आहे, शाळेत एचबी वापरायचो त्याच घरातला. आयएसओ १५१८४ हे पेन्सिल चाचणीचं मानक बघा. पेन्सिल ४५ अंशांत धरायची, टोकावर ७५० ग्रॅमचा भार ठेवायचा आणि थरावरून सरकवायची. नाइन एच म्हणजे डब्यातल्या सगळ्यात कठीण पेन्सिलीनेही खूण उठली नाही, बस. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. गाडीवरच्या धुळीत मात्र वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, मोह्‌सच्या क्रमात ७. कोरड्या फडक्याने ती धूळ पुसलीत की नाइन एच काही करू शकत नाही. मुळात थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. आपला केससुद्धा साधारण ७० मायक्रॉन जाड.

दाजींच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरला. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे, गाडी आठवड्याची असताना. आधी नीट धुऊन, पॉलिश करून मग कोटिंग करायचं असतं. घाईत पुसून वर थर दिला की ओरखडेच जपले जातात.

'नवा रंग कच्चा असतो'? कारखान्यात तो साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजून निघतो, वरच्या पारदर्शक थरासकट (क्लिअर कोट). पुढे.

'पक्ष्याची घाण पडली तरी चिंता नको' हे वाचून कोणी ती उन्हात तशीच ठेवेल, म्हणून सांगतो: कोटिंग असो नसो, ती लगेच भिजवून काढायची. उन्हात वाळली की डाग रंगात उतरतो.

एक मान्य करतो, नाइलाजाने. नीट केलेल्या कोटिंगवर पाणी मोत्यासारखं ओघळतं, चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं जातं. पण तेच थेंब उन्हात सुकले तर क्षारांची वर्तुळं मागे राहतात, हे मेसेजमध्ये कुठे आहे?

फॅब्रिक प्रोटेक्शनही अगदीच खोटं नाही. कापडी सीटवर चहा सांडला तर तो मुरण्याआधी पुसायला वेळ मिळतो. बसून-उठून घासलं की परिणाम ओसरतो. तसला स्प्रे घरी स्वतःही मारता येतो. पण दाजींच्या सीट रेक्झिनच्या आहेत! कापड आहे ते फक्त छताला आणि पायाखाली.

शेवटी 'पाच वर्षांची वॉरंटी'. कार्ड मागून वाचलं. ओरखडे वगळून, दगड लागून उडालेला रंग वगळून, पाण्याचे डाग वगळून. आणि सहा महिन्यांची तपासणी चुकली तर उरलेलंही रद्द. पहिली तारीख दाजींच्या कॅलेंडरवर मीच लिहून आलोय.