‘बंदरानंच लुटलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं: न्हावा-शेव्याला उतरलेल्या एका 40 फुटी कंटेनरवरचा खर्च समुद्री भाड्याच्याही वर गेला, आणि आम्ही मात्र ‘बंदराचे दर परवडतात’ असं लिहिलं. तुमच्या आकड्याबद्दल शंका नाही. फक्त तो सगळा बंदराच्या नावावर टाकू नका. सगळी बिलं काढा आणि प्रत्येक बिल कुणी फाडलंय ते पाहा.

एका मुद्द्यावर तुमची टीका रास्त आहे: टीएचसी, म्हणजे टर्मिनलवर कंटेनर हाताळण्याचा आकार. टर्मिनल हाताळणीचे पैसे शिपिंग लायनीकडून (जहाज कंपनीकडून) घेतं, आणि लाइन तुमच्याकडून आपल्या दरपत्रकाप्रमाणे वसूल करते. हे दोन आकडे सारखे असतीलच असं नाही. मागच्या लेखात हे यायलाच हवं होतं.

खरा फटका दिवसांचा असतो. सीएफएसचं (बंदरातून हलवलेले कंटेनर कस्टम्स मंजुरीपर्यंत जिथे ठेवतात ते यार्ड) ग्राउंड रेंट, म्हणजे जागाभाडं, कंटेनर त्यांच्या यार्डात शिरल्यापासून चालू होतं. लायनीचं डिटेन्शन, म्हणजे तिचा कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं, बहुधा त्याआधीच, जहाजावरून उतरल्या दिवसापासून मोजलं जातं आणि रिकामा कंटेनर परत जाईपर्यंत थांबत नाही. म्हणजे मधले दिवस तुम्ही दोघांनाही देता. रविवार-सुट्ट्या धरून. त्यात डिटेन्शनचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, बहुतेकदा डॉलरमध्ये असतो आणि रुपयाचा भाव लाइन ठरवते. वर 18 टक्के जीएसटी.

बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं घोषणापत्र) बहुतेक देशांच्या मालासाठी जहाज येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत भरावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये. हे कस्टम्सचे, बंदराचे नव्हेत. कस्टम्सनंच माल अडवला असेल तर त्यांच्याकडून डिटेन्शन सर्टिफिकेट, म्हणजे माल त्यांनी अडवल्याचा दाखला, मागा. 2009 च्या नियमांनुसार अडवलेल्या किंवा जप्त मालावर सीएफएसला भाडं लावता येत नाही. अनेक आयातदार हे मागतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही माल सीआयएफवर घेतलाय, म्हणजे समुद्री भाडं आणि विमा पुरवठादाराच्या किमतीतच धरून. त्यामुळे लाइन पुरवठादारानं निवडली, आणि त्याला आपलं भाडं स्वस्त पडलं की पुरे. इथले खर्च तुमच्या गळ्यात. पुढची ऑर्डर एफओबीवर घ्या (म्हणजे लाइन तुम्ही निवडाल आणि भाडं तुम्ही द्याल), नाहीतर फ्री दिवस, म्हणजे डिटेन्शन न लागणारे सुरुवातीचे दिवस, बुकिंगच्या वेळीच लेखी वाढवून घ्या. कंटेनर उतरल्यावर ते क्वचितच वाढतात. आणि रिकामा कंटेनर जमा करताना ईआयआरवर (कंटेनर देता-घेतानाच्या पावतीवर) त्याची अवस्था नोंदवून प्रत ठेवा, म्हणजे नंतर धुलाई-दुरुस्तीचं बिल आलं तर दाखवता येईल.