सभा चालवायची म्हणजे लोकांना बसवायचं नव्हे

आमच्या ग्रामसभेत माईक सांभाळणाऱ्याला एकच वाक्य पाठ. "झाला मा तुमचा? बसा आता!" लोकांना गप्प करणारा तो चांगला मॉडरेटर, असा सगळ्यांचा समज. मला तो अजिबात मान्य नाही.

जैतापूरच्या वादामुळे कोकणात निम्म्या लोकांनी अणुभट्टीबद्दल काही ना काही वाचलं. भट्टीतही मॉडरेटर असतो. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन सुसाट सुटतात, आणि त्या वेगात पुढचा अणू सहसा फुटतच नाही. हायड्रोजनचा गाभा न्यूट्रॉनच्याच वजनाचा. कॅरममध्ये सोंगटी सोंगटीवर आपटून थबकते तसा पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉनचा वेग उतरतो, मग पुढचा अणू फुटतो आणि अणू फुटण्याची साखळी चालू राहते. थांबवायचं खातं कंट्रोल रॉडचं, म्हणजे न्यूट्रॉन शोषणाऱ्या दांड्यांचं. तारापूरच्या अणुवीज केंद्रात 1969 पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्यांत मॉडरेटर म्हणून साधं पाणी, तिसरी-चौथीत जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड जातीचा असतो ते. साधं पाणी काही न्यूट्रॉन स्वतःच गिळतं, म्हणून इंधन समृद्ध करावं लागतं, म्हणजे त्यातलं सहज फुटणारं युरेनियम वाढवावं लागतं. जड पाणी फारसं गिळत नाही, नैसर्गिक युरेनियमवर भागतं.

गिळणारे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. माणूस दोन मिनिटं विचारतो, हे वीस मिनिटं उत्तर देतात.

(दहावीच्या पेपर तपासणीतला नियामक, तोही मॉडरेटरच, बरा. एका परीक्षकाचा हात आखडता, दुसऱ्याचा सढळ, तो दोघांना एका मापात आणतो आणि बाजूला होतो.)

ग्रामसभेत खरी गोची अशी की अध्यक्ष सरपंच, आणि प्रश्न त्यांच्याच कारभारावर. मागच्या सभेत नळपाणी योजनेच्या हिशेबावरून पुढच्या खुर्च्यांवरचे चौघे एकमेकांवर ओरडत होते. दाराशी एक काकी कधीपासून "माका एक इचारुचा हा" म्हणत उभी. पाखाडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरचा, दिवा गणपतीपासून बंद, एवढंच तिचं म्हणणं. माईक तिच्यापर्यंत पोचला तेव्हा लोक चपला शोधत होते. अशा बायका पुढच्या वेळी कशाला येतील? मग गणपूर्ती नाही म्हणून आपणच बोंबलतो. लागतात किती, तर 15 टक्के मतदार किंवा 100 जण, त्यातला कमी आकडा!

अध्यक्षपद सरपंचांकडेच राहू दे. हिशेबाच्या विषयापुरता माईक बचत गटातल्या कुणाकडे तरी द्या, सुरुवात दाराकडून करा, सरपंचांनी सगळ्यात शेवटी बोलावं. 26 जानेवारीच्या सभेत मी हे मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, आत्ताच सांगा.