एकटीने गेले असते तर फ्रेंच जास्त आली असती?

आमच्या फ्रान्समधल्या दिवसांबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही चौघी पुणेकर मैत्रिणी फ्रेंच शिकायला फ्रान्समधल्या बझाँसों शहरात गेलो, एकाच फ्लॅटमध्ये राहिलो, सकाळी पोहे आणि रात्री मराठीत गप्पा, यात फ्रेंच कुठे आली? भाषा शिकायची तर एकट्याने जावं, फ्रेंच कुटुंबात राहावं, बाकी सगळी आईवडिलांच्या पैशांवरची सहल. आणि भाच्याला तुम्ही एकट्यालाच पाठवणार आहात.

पोह्यांबद्दल वाद नाही. खात होतो, आणि परत गेले तर परत खाईन.

पण एकटं राहिलं की तोंडून आपोआप फ्रेंच बाहेर पडते, हे मला पटत नाही. बझाँसों काही पॅरिस नव्हे. दू नदीच्या वळशात वसलेलं जुनं शहर, वर टेकडीवर व्होबाँ या लष्करी अभियंत्याने बांधलेला किल्ला, खाली लेखक व्हिक्टर ह्यूगो जन्मला ते घर. राहायला छान आहे, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद, रस्ते ओस. नोव्हेंबरात तर पाच वाजताच अंधार. अशा रविवारी एकटा आलेला मुलगा काय करतो? खोलीत बसून घरी व्हिडिओ कॉल करतो. वर्गात असे बरेच होते आणि त्यांचा रविवार आपापल्या मातृभाषेतच जायचा. यजमान कुटुंबाचं म्हणाल, तर तो नशिबाचा भाग. कोणाला जेवणानंतर तासभर गप्पा मारणाऱ्या आजी मिळाल्या, कोणाला ‘मीठ द्या’च्या पुढे काही नाही.

आमच्या घरी काय चालायचं ते सांगते. ‘घरात फक्त फ्रेंच’ हा नियम आम्हीही केला होता, तो आठवडाभरही टिकला नाही. लहानपणापासूनच्या मैत्रिणीशी परक्या भाषेत बोलताना नाटक केल्यासारखं वाटतं. मात्र चौघींच्या ओळखी वेगवेगळ्या होत्या. एकीची कोलंबियाची मैत्रीण, दुसरीच्या वर्गातले चिनी विद्यार्थी, तिसरीची जपानी शेजारीण. आमटीभात खायला ही मंडळी वरचेवर यायची, आणि पाचवं माणूस टेबलाशी बसलं की भाषा आपोआप फ्रेंच व्हायची, कारण त्यांच्यातल्या अनेकांना इंग्रजी जेमतेम यायची. आम्ही शिकलो ती सेएलआ ही विद्यापीठाची संस्था 1958 पासून जगभरच्या लोकांना फ्रेंच शिकवते आहे; तिथल्या मधल्या सुट्टीत इंग्रजीचा फारसा उपयोग नव्हता. एकटीने मी इतक्या जणांना जेवायला बोलावलं असतं का? मुळीच नाही.

तुमच्या एका मुद्द्यात मात्र दम आहे. एकाच भाषेची माणसं एकमेकांच्या चुका पक्क्या करतात. चौघींच्याही तोंडात फ्रेंचमधला तो ओठांचा चंबू करून म्हणायचा ‘इ’ आणि ‘उ’च्या मधला स्वर बसत नव्हता. रस्ता म्हणायला जावं तर चाक म्हटलं जायचं (फ्रेंचमध्ये या दोन शब्दांत फरक फक्त त्या स्वराचा), आणि चौघींपैकी एकीलाही ते खटकायचं नाही. खटकलं ते चिनी मुलीला, कारण तो स्वर तिच्या मँडरिनमध्ये आहे. उलट ती ‘प’ आणि ‘ब’मध्ये, ‘त’ आणि ‘द’मध्ये अडखळायची, आपल्याला बाराखडीमुळे त्यात काहीच कष्ट नाहीत. मग ती आमचे ओठ बघायची आणि आम्ही तिचे शब्द ऐकायचो. दुकानदार असलं काही करत नाही हो. तुम्हाला ब्रेड कुठला हवा ते त्याला समजलं की पुरे, शब्दाचं लिंग चुकलं की वचन, त्याला काय त्याचं! मैत्रीण मात्र वाक्य मध्येच तोडते आणि वर हसते.

फोनचंही तसंच. समोरचा माणूस दिसत नसताना फ्रेंच ऐकणं महाकठीण, त्यात बोलताना हे लोक निम्मे शब्द गिळतात. घरातलं इंटरनेट बंद पडलं तेव्हा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, स्पीकरवर. एक बोलणार, तिघी कानावर पडेल ते कागदावर लिहिणार. फोन ठेवल्यावर तिघींचे कागद जुळवले तर तंत्रज्ञ यायचे तीन वेगवेगळे वार निघाले. पुन्हा फोन. ऐकण्याचा असा सराव कुठल्याही पुस्तकाने दिला नसता.

फ्रेंचच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही डेल्फ परीक्षेची बी-टू ही चौथी पातळी दिली. तिची तोंडी परीक्षा तर भांडकुदळांचीच आहे. छोटा मजकूर देतात, अर्धा तास तयारी, मग आपलं मत मांडायचं आणि परीक्षकाच्या उलटप्रश्नांना तोंड देत त्यावर ठाम राहायचं. पूर्ण परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चार भागांचे प्रत्येकी 25 गुण, उत्तीर्ण व्हायला 100पैकी 50, पण एकाही भागात 5च्या खाली गेलात तर संपलं. परीक्षेच्या आधी आम्ही स्वयंपाकघरात त्याच विषयांवर फ्रेंचमधून कडाकडा भांडलो. चौघीही उत्तीर्ण झालो.

पैशांबद्दल बोललात म्हणून सांगते, सहल वाटावी इतके पैसे नव्हतेच. व्हिसासाठी तेव्हा महिन्याला 615 युरोंची सोय दाखवावी लागे, आणि आम्ही साधारण तेवढ्यातच भागवत होतो. फ्लॅटचं भाडं चौघींत वाटलं म्हणून ते जमलं. विद्यापीठाचं ओळखपत्र असल्याने दुपारी क्रूस या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या स्वस्त खानावळीत जेवता यायचं. बाकी ते पोहे होतेच.

आता भाचा. त्याची पातळी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघायला हवं. ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेझमध्ये आरामात होतात. त्यासाठी युरो खर्चू नका. त्यापुढची बी-वन हातात घेऊन गेला तर पहिल्या दिवसापासून लोकांशी दोन वाक्यं बोलू शकेल. बरोबर एखादा मित्र निघत असेल तर त्याला अडवू नका, फक्त दोघांनी वर्ग वेगवेगळे मागून घ्यावेत. खोली घेताना घरमालक फ्रान्समधला जामीनदार मागतात. त्यासाठी ‘व्हिझाल’ नावाची मोफत हमी ऑनलाइन मिळते. भाडेकरार करण्याआधी तिचा अर्ज करायला सांगा.