टॉलरन्स वाढवला की टेस्ट पास होते, बग जागेवरच राहतो

गणिती सॉफ्टवेअर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेताना टेस्ट फेल झाल्या की एक सल्ला हमखास मिळतो: ‘फ्लोटिंग पॉइंट आहे, शेवटचे आकडे हलणारच. मूळ मशीनवर सगळं पास आहे म्हणजे कोड बरोबर आहे. टॉलरन्स वाढवा, तरीही अडेल ती टेस्ट स्किप करा आणि रिलीज काढा.’ फ्लोटिंग पॉइंट म्हणजे दशांश संख्या ठरावीक आकड्यांत ठेवण्याची संगणकाची पद्धत, आणि टॉलरन्स म्हणजे अपेक्षित आणि आलेल्या उत्तरातला टेस्ट चालवून घेते तेवढा फरक. चांगली जाणती मंडळीही हा सल्ला देतात, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू.

‘शेवटचे आकडे हलणारच.’ हे अर्धंच खरं आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर कसं राउंड करायचं, हे आयईईई ७५४ या मानकाने १९८५ मध्येच बांधून दिलं. साइन, लॉग, घात यांच्यावर तशी सक्ती नाही. त्यामुळे लिनक्स, मॅक आणि विंडोज यांच्या मॅथ लायब्ररींची उत्तरं शेवटच्या बिटात वेगळी येऊ शकतात, आणि तो कुणाचाच दोष नाही. पण आपल्या टेस्टमध्ये हेच घडलंय का? दोन्हीकडची उत्तरं हेक्साडेसिमलमध्ये (१६ च्या पायावर, म्हणजे प्रत्येक बिट कळेल अशी) छापा. फरक एका बिटाचा आहे की निम्म्या आकड्यांचा, ते लगेच दिसतं.

आणि पूर्णांकांना तर राउंडिंगच नसतं. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर सी भाषेतला लाँग ८ बाइटचा असतो, ६४-बिट विंडोजवर मात्र ४ बाइटचाच. १३ चं फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८०० आहे. ते ४ बाइटमध्ये मावत नाही आणि बहुतेक वेळा हाती येतं १,९३,२०,५३,५०४. धन संख्या, दिसायला ठीकठाक, आणि साफ चूक. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतही विंडोजवरचा डीफॉल्ट पूर्णांक ३२-बिटच होता, तो २०२४ च्या २.० आवृत्तीत ६४-बिट झाला.

‘मूळ मशीनवर पास, म्हणजे कोड बरोबर.’ माझा सगळ्यात मोठा आक्षेप याला आहे. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर बहुधा कंपायलर (कोडचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलतो, कधी प्रोसेसरही, आणि जुन्या जागी योगायोगाने झाकलेली चूक उघडी पडते. ‘अ × अ − ब × ब’ काढून त्याचं वर्गमूळ घेणारी ओळ पाहा. अ आणि ब दोन्ही ०.१ असतील तर साध्या इंटेल बिल्डमध्ये दोन्ही गुणाकार सारखेच राउंड होतात, वजाबाकी शून्य येते, टेस्ट पास. एआरएम प्रोसेसरवर कंपायलर एक गुणाकार आणि वजाबाकी मिळून एकच एफएमए सूचना वापरू शकतो. तो गुणाकार मग मध्ये राउंड होत नाही, दुसरा होतो. पहिला गुणाकार असा जोडला गेला तर उत्तर शून्याऐवजी सुमारे उणे ८.३ × १०⁻¹⁹ येतं आणि त्याचं वर्गमूळ ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर. नवी सिस्टीम इथे काहीही चुकलेली नाही. वजाबाकी ऋण येऊ शकते याचा विचार कोडमध्येच नव्हता. (अ − ब)(अ + ब) असं लिहिलं की दोन्हीकडे शून्यच येतं.

‘टॉलरन्स वाढवा.’ वरच्या नॅनला कुठलाही टॉलरन्स पुरत नाही, कारण नॅनची कशाशीही केलेली लहान-मोठी तुलना खोटीच ठरते. त्यातला धोका बघा: टेस्ट ‘फरक टॉलरन्सपेक्षा मोठा असेल तर फेल’ अशी लिहिली असेल तर नॅन आला तरी ती पास होते. ‘फरक टॉलरन्सच्या आत असेल तरच पास’ असं लिहा.

टॉलरन्स किती ठेवायचा हे गणित ठरवतं. कंडिशन नंबर म्हणजे आत आलेली छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते त्याचं माप. हिल्बर्ट मॅट्रिक्स याबाबतीत कुप्रसिद्ध: १० × १० च्या मॅट्रिक्सचा हा नंबर सुमारे १.६ × १०¹³ आहे. डबल या ६४-बिट फ्लोटिंग पॉइंट प्रकारात जेमतेम १६ आकडे असतात, म्हणजे तिथे ३ च आकडे भरवशाचे, आणि सैल टॉलरन्स रास्त. पण त्या एका टेस्टसाठी सगळ्या संचाचा टॉलरन्स सैल केला की बाकीच्या टेस्ट निकामी होतात. सेजमॅथ या गणिती सॉफ्टवेअरमध्ये टॉलरन्स त्या त्या उदाहरणाशेजारी लिहिता येतो. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. आयगेनव्हेक्टरचं (मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्याची रेषा बदलत नाही अशा व्हेक्टरचं) चिन्ह उलटं आलं तर प्रश्न टॉलरन्सचा नसतोच. दोन्ही चिन्हं बरोबर असतात, टेस्टने मूळ समीकरण पुरं होतं का ते तपासावं.

‘अडेल ती टेस्ट स्किप करा.’ मॅकवर मुख्य सोडून बाकीच्या थ्रेडला डीफॉल्ट ५१२ केबी स्टॅक (फंक्शन कॉलसाठीची मेमरी) मिळतो, लिनक्सवर साधारण ८ एमबी. खोल रिकर्शनची (फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं अशी) टेस्ट मॅकवर अशा थ्रेडमध्ये क्रॅश होऊ शकते. ती स्किप केली तर तोच क्रॅश वापरणाऱ्याच्या मशीनवर होणार. जीएमपी ही मोठ्या संख्यांची लायब्ररी तर बिल्डनंतर टेस्ट चालवण्याचा आग्रहच धरते, कारण कंपायलरच्या चुका तिथे सापडतात.

मग करायचं काय? एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड करा, मग फक्त एफएमए जोडणी बंद करून, मग ब्लास ही मॅट्रिक्स-गणिताची लायब्ररी बदलून संदर्भ आवृत्ती लावून. पूर्णांकांचा संशय असेल तर सॅनिटायझर (चालताना ओव्हरफ्लोसारख्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावा. ज्या बदलाने टेस्ट पास झाली, तिथून शोध सुरू करा. टॉलरन्सला हात लावायचाच असेल तर का लावला ते कमिटमध्ये लिहून ठेवा.