डिस्टन्स शून्य करा म्हणे!

परवा रात्री साडेनऊला मामेभावाचा फोन. "दादा, वाडीची लिंक बसली. सिग्नल जसाच्या तसा आहे, पण एकही पान उघडत नाही." पाटण खोऱ्यात तो छोटंसं इंटरनेटचं काम करतो. डोंगरावरच्या बेसवरून १८ किलोमीटरवरच्या वाडीपर्यंत ५.८ गिगाहर्ट्झची लिंक टाकलीय, म्हणजे दोन्ही टोकांना डिश लावलेले वायफाय रेडिओ एकमेकांशी बोलतात. या लिंकवर तीस-पस्तीस घरं, एक शाळा आणि एक पतसंस्था. मी विचारलं, कशाला हात लावलास? आधी "कशालाच नाही." मग दोन मिनिटांनी, "ते ग्रुपवर आलं होतं ना, त्यातलं पहिलंच फक्त केलं."

ग्रुपवर आलेलं ते म्हणजे 'लांबच्या लिंकचा स्पीड डबल, अनुभवी इंजिनिअरच्या सहा सेटिंग' हा मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. रेडिओतलं डिस्टन्सचं, म्हणजे समोरच्या टोकाच्या अंतराचं, सेटिंग शून्य ठेवा, तो लवकर उत्तर देतो. पॉवर फुल करा. चॅनल ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा घ्या. रेट, म्हणजे रेडिओचा डेटा पाठवायचा वेग, सगळ्यात वरचा फिक्स करा. डिश मोठी लावा. आणि पावसाळ्यात स्पीड पडला तर काही करू नका, पाऊस लहरी पितो. खाली हात जोडून 'पुढे पाठवा'. मला तो तीन ठिकाणांहून आला होता, तेव्हा हसून सोडून दिला. आता घरातच शिरला म्हणून लिहायला बसलो.

पहिलंच घेऊ, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. वायफायमध्ये पाठवलेल्या पाकिटाची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, पोचपावती यावी लागते. पाठवणारा ठरावीक वेळ थांबतो. तेवढ्यात पावती आली नाही तर पाकीट हरवलं असं धरून तेच पुन्हा सोडतो. लहरीला एक किलोमीटर कापायला साधारण ३.३ मायक्रोसेकंद लागतात. १८ किलोमीटरला जायचे ६०, यायचे ६०. म्हणजे १२० मायक्रोसेकंद नुसत्या प्रवासात गेले. डिस्टन्सच्या खान्यात आपण आकडा भरतो तो एवढंच सांगायला, की बाबा रे, इतका वेळ थांब. 'लवकर उत्तर' वगैरे त्यात काही नाही. पाकीट मिळाल्यावर पावती किती वेळात सोडायची ते मानकातच ठरलंय, ५ गिगाहर्ट्झला १६ मायक्रोसेकंद. ते तुमच्या सेटिंगला विचारत नाही.

आता शून्य केल्यावर काय होतं ते बघा. पाकीट वाडीत धडधाकट पोचतं. वाडीचा रेडिओ पावती सोडतो. ती अजून वाटेत असतानाच डोंगरावरून तेच पाकीट पुन्हा निघतं. मग पुन्हा. वाडीचा रेडिओ दुसरी, तिसरी प्रत ओळखून फेकून देतो. डोंगरावरच्या रेडिओला वाटतं हवाच खराब आहे, म्हणून तो आपला रेट एकेक पायरी उतरवत नेतो. मामेभावाच्या स्क्रीनवर नेमकं हेच होतं: सिग्नल उणे ६७, काही वाईट नाही, आणि रेट तळाला. डिस्टन्स २० टाक म्हटलं. टाकलं. मिनिटभरात पतसंस्थेचं पान उघडलं.

एक मान्य करतो, जिवावर येऊन. आकडा उगाच १०० ठेवला तरी नुकसान आहे, कारण खरोखर हरवलेल्या प्रत्येक पाकिटामागे रेडिओ जास्त वेळ ताटकळतो. बहुधा कुणीतरी १०० वरून खऱ्या अंतरावर आणलं असेल, स्पीड सुधारला असेल, आणि 'कमी केलं की वाढतो' एवढंच पुढे गेलं. ज्यांच्या रेडिओत ते आपोआप ठरतं त्यांनी तिकडे बोटही लावू नये.

ही काही माझ्या घरची विद्या नाही. २००७ साली एनएसडीआय या नेटवर्क संशोधनाच्या परिषदेत बर्कले विद्यापीठाच्या गटाने 'वाइल्डनेट' नावाचा निबंध मांडला. विषय हाच: स्वस्तातलं वायफाय लांब पल्ल्यावर का रडतं? त्यांचं म्हणणं, दर पाकिटामागे पावतीसाठी ताटकळणं आणि एकमेकांचं नीट ऐकू न आल्याने दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलायला लागणं, ही मुळं. त्यांनी बोलायच्या पाळ्या वेळेनुसार लावून दिल्या, पावत्या एकगठ्ठा केल्या आणि हरवलेलं भरून काढायला थोडा जादा मजकूर जोडला. नेहमीच्या वायफायमधून जास्तीत जास्त जेवढं निघत होतं त्याच्या दुप्पट ते पाचपट मिळालं. पॉवर वाढवून नव्हे. तमिळनाडूत थेनीला अरविंद नेत्र रुग्णालयाची दृष्टी केंद्रं याच गटाच्या लिंकवर जोडली गेली, तिथून पेशंट डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचे. त्याच वर्षी व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक जोडली. बर्कलेवाल्यांचं सॉफ्टवेअर घातल्यावर तिच्यावर दोन्ही दिशांना सुमारे ३ एमबीपीएस वाहिले. तिथे पावतीला अडीच मिलिसेकंद लागतात. डिस्टन्स शून्य ठेवून करून दाखवा.

आज ते सगळं आयतं मिळतं. लिंकसाठी बनवलेल्या बहुतेक रेडिओत पाळी लावून बोलायचा मोड असतो. दोन्ही टोकांना तो चालू करा, बस. शिवाय वायफायची ११एन ही आवृत्ती आल्यापासून पाकिटांचा ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा एका दमात जातो. १३० एमबीपीएसला त्याला ४ मिलिसेकंद लागतात, त्यापुढे ०.१२ची वाट म्हणजे काहीच नाही. जुन्या ५४ एमबीपीएसच्या रेडिओवर एक पाकीट हवेत अडीचशे मायक्रोसेकंद असायचं आणि मागोमाग १२० नुसती वाट. डबल व्हायचं ते इथे होतं.

पॉवर फुल? रेडिओच्या खोक्यातला तक्ता वाचा. वरच्या रेटला कंपनी स्वतःच कमी पॉवर लिहिते, कारण जोर लावला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज वरच्या रेटला कळत नाही. वर कायदा आहे. या ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय अँटेनासकट ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉट, ही मर्यादा. डिशच सिग्नल ३० डेसिबलने वाढवत असेल तर रेडिओ ६ डीबीएमवर यायला हवा. मग मोठी डिश कशाला, तर ऐकायला. मेसेजमधला हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. रेट फिक्स करण्याबद्दल बोलतच नाही; चढावर टॉप गिअर लॉक करण्यासारखं ते.

८०चा चॅनल, हं. रान मोकळं असेल तर रुंद चॅनलने स्पीड वाढतो, हे खरं. पण २०चा ८० केला की नॉईज, म्हणजे नको असलेला गोंगाट, ६ डेसिबलने वर येतो, आणि डोंगरमाथ्यावरच्या डिशला खोऱ्यातल्या सगळ्यांचं ऐकू येतं. त्या १५० मेगाहर्ट्झमध्ये ८०चा मावतो एकच. सगळ्यांनी मेसेज पाळला तर सगळे एकमेकांच्या उरावर.

राहता राहिला पाऊस. सरीत डीटीएचचं चित्र जातं, त्यावरून हे सुचलं असणार. ती लहर १० गिगाहर्ट्झच्या वरची. ५.८ला मुसळधारेतही काही डेसिबलचा प्रश्न, तोही सर थांबेपर्यंत. दिवसेंदिवस स्पीड पडलेला राहतो तो वेगळ्याच कारणांनी. गेल्या ऑगस्टमध्ये याच लिंकचा कनेक्टर मी सोडवला तर आतून चमचाभर पाणी सांडलं, तांबं हिरवं पडलेलं. टेप होती, पण साधी, वायरमनची.

आणि दुसरं कारण मला त्या रात्री फोनवरच कळलं. मध्ये कुणाच्या तरी बांधावर सिल्व्हर ओकची रांग आहे. मामेभाऊ म्हणतो, "दादा, दुर्बिणीतून समोरचा पोल दिसतो की." दिसू दे. १८ किलोमीटरच्या मध्यावर लहरीला सरळ रेषेभोवती निदान नऊ मीटर मोकळं लागतं, आणि पृथ्वीचा फुगवटा तिथे पावणेपाच मीटर खातो. पावसाळ्यात ओल्या पानांचे शेंडे त्यात घुसतात. झाडं तोडायला कुणी देणार नाही, मागूही नये. वाडीकडचा पोल दोन पाइप उंच करायचं ठरलंय, ताणाच्या तारा सांगून ठेवल्यात. पाऊस उघडला की दसऱ्यानंतर चढू.