भूतानमध्ये म्हणे जीडीपी मोजतच नाहीत!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "भूतानमध्ये जीडीपी मोजत नाहीत, फक्त आनंद मोजतात. कर नाही, कर्ज नाही, कुणावर अवलंबून नाही, म्हणून तिथून कुणी देश सोडून जात नाही. आपण कधी शिकणार?" खाली मठाचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी. पॅकेज टूरवर जाऊन पारोचा टायगर नेस्ट हा कड्यावरचा मठ चढून आलेली आपली मंडळी तर हे डोळे झाकून पुढे ढकलतात. भूतान मलाही आवडतो, म्हणूनच एकेक मुद्दा घेतो.

जीडीपी मोजतात हो, दरवर्षी मोजतात. साधारण ३०० कोटी डॉलरची इकॉनॉमी आहे, आणि लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे सोलापूर शहरापेक्षाही कमी. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात मांडलं ते एवढंच की लोकांचं समाधान जीडीपीपेक्षा महत्त्वाचं. उत्पन्न मोजूच नका असं नाही म्हणाले ते. डिसेंबर २०२३ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांच्या 'सर्वात कमी विकसित देशां'च्या यादीतून बाहेर पडला, तेही दरडोई उत्पन्न वगैरे निकष पार करूनच.

कर नाही म्हणे. आयकर कायदा २००१ सालीच झाला, कंपन्यांना टॅक्स आहे, आणि आपण भारतीय पर्यटक गेलो की माणशी रात्रीला १२०० रुपये फी घेतात, बाकीच्या बहुतेक परदेशी लोकांना १०० डॉलर. टूरच्या बिलात बघा, सापडेल.

आता कर्ज. इथे मेसेजवाल्यांनी कमालच केलीय, कारण भूतानचं सरकारी कर्ज जीडीपीच्या १०० टक्क्यांच्या वर आहे आणि त्यातला मोठा वाटा जलविद्युत प्रकल्पांचा, तो बहुतेक भारताकडून घेतलेला, रुपयात. सुरुवातीचा चुखा प्रकल्प झाला तेव्हा भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिलं होतं, पुढे मांगदेछू प्रकल्पाला हेच उलटून ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज झालं, व्याज १० टक्के. पुनात्सांगछू-१ ची गोष्ट तर वाईटच, १२०० मेगावॅटचा प्रकल्प, २००८ मध्ये काम सुरू, २०१३ मध्ये धरणाच्या जागेवरचा डोंगरच सरकला, अंदाज साडेतीन हजार कोटींचा होता तो नऊ हजार कोटींच्या पुढे गेला. आता हे कर्ज म्हणजे निव्वळ उधळपट्टी असंही नाही, कारण तयार झालेली जास्तीची वीज भारतच विकत घेतो आणि तिचा दर ठरवताना प्रकल्पाचा खर्च धरतात, त्यामुळे हप्ते विजेच्या पैशातून फिटतात. पण प्रकल्प रखडला तर पैसे येणार कुठून? व्याज तर चढतच राहतं ना.

कुणावर अवलंबून नाही हे वाचून मात्र हसूच आलं. स्वतःचं बंदर नाही, समुद्रमार्गे येणारा माल कोलकात्याला उतरतो आणि सीमेवरच्या जयगाव-फुंटशोलिंगच्या गेटमधून आत जातो. त्यांचा न्गुलट्रम, म्हणजे तिथलं चलन, आपल्या रुपयाला बांधलेला, एकास एक, रुपया घसरला की तोही घसरतो. वीज विकणारा देश खरा, पण हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटतं तेव्हा आपल्याकडूनच वीज घ्यावी लागते. २०१३ मध्ये तिथल्या ऐन निवडणुकीच्या तोंडावर भारताने गॅस आणि केरोसीनवरची सबसिडी थांबवली तर सिलिंडरचा भाव एकदम दुपटीच्या वर गेला, नंतर ती परत सुरू केली, पण लोकांना जे कळायचं ते कळलं. २०२२ मध्ये परकीय चलन आटत चाललं म्हणून गाड्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. आणि हे ऐकून तुम्हाला मजा वाटेल, त्याच सुमाराला सरकारी कंपनी जलविद्युत वापरून बिटकॉइन मायनिंग (भरपूर वीज खाणाऱ्या मशीनवर डिजिटल नाणी मिळवणं) करत होती आणि त्या मशीनच्या आयातीत बरेच डॉलर गेले. मठाच्या फोटोखाली हे कुणी लिहीत नाही.

मोफत उपचार आणि दहावीपर्यंत मोफत शिक्षण हे मात्र खरंय. किमान ६० टक्के जमीन जंगलाखाली ठेवायची हेही राज्यघटनेतच आहे. हे कौतुकाचंच. पण ते पैशावर चालतं, आणि तो पैसा वीज, पर्यटन आणि मदतीतून येतो. मार्च २०२४ मध्ये भारताने त्यांच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटी रुपये जाहीर केले.

राहिलं कुणी देश सोडत नाही हे. १९९० च्या आसपास लाखभर नेपाळीभाषक ल्होत्सांपांना देश सोडायला लावला, वर्षानुवर्षं ते नेपाळमधल्या छावण्यांत राहिले, मग बहुतेकांना अमेरिकेत वगैरे वसवलं. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. आणि आता स्वतःहून जाणारे वेगळेच, २०२२ मध्ये तरुणांमधली बेकारी २९ टक्क्यांच्या आसपास होती, शिक्षक, नर्सेस, सरकारी नोकरीतली माणसं राजीनामे देऊन ऑस्ट्रेलियाला, त्यातही पर्थला निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये आताच्या राजांनी आसामच्या सीमेला लागून गेलेफूला अख्खं नवं शहर वसवायची घोषणा केली, त्यामागे एक मोठं कारण हेच, की पोरांना देशातच बऱ्या पगाराचं काम मिळावं आणि गेलेले परत यावेत. कुणी जातच नसतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता त्यांनी?