‘पीडीएफ केली की सुटलो’ म्हणणाऱ्यांसाठी

डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरत असतो: “पेजमेकर असो, कोरल असो, इनडिझाइन असो, सरळ प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ काढा. फॉन्ट आत जातो, रंग तसेच राहतात, मॅटर पुढे कधीही कॉपी करता येतं, मूळ फाईल सांभाळायची गरज नाही. फॉन्टने त्रास दिलाच तर कर्व्ह करा.” पेजमेकर, कोरल, इनडिझाइन ही पानं लावायची सॉफ्टवेअरं; कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं रेषाचित्र करून टाकणं. एका दमात पाच दावे. एकही पूर्ण खरा नाही, आणि मराठी मजकुरापुरता एक तर साफ चुकीचा आहे.

फॉन्ट आत जातो? एम्बेड केला, म्हणजे पीडीएफच्या आतच साठवला, तर जातो. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या भाषेतली फाईल) काढून डिस्टिलरला (तिची पीडीएफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला) देत असाल, तर तिथल्या सेटिंगमध्ये ‘एम्बेड ऑल फॉन्ट्स’वर टिक हवी आणि एम्बेड न झाल्यास काम रद्द व्हावं हा पर्याय निवडलेला हवा. ‘वॉर्न अँड कंटिन्यू’ ठेवलं की इशारा लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाईलमध्ये, पडतो आणि पीडीएफ बाहेर येते. लॉग वाचतो कोण? काही फॉन्टांत तर एम्बेड करू नये अशी खूण बनवणाऱ्यानेच घातलेली असते.

ही चूक ऑपरेटरला दिसत नाही, कारण त्याच्या मशीनवर तो फॉन्ट असतोच. पीडीएफ तो तिथूनच उचलते. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. म्हणून ॲक्रोबॅट या पीडीएफ उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून ‘फॉन्ट्स’ टॅब बघा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असलं पाहिजे. शिवाय प्रेफरन्सेसच्या पेज डिस्प्लेमधून ‘यूज लोकल फॉन्ट्स’ची टिक काढून पानं पुन्हा चाळा.

आता मॅटर कॉपी करण्याचा दावा. सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात: ‘म’ ईच्या जागी, ‘ह’ जीच्या, काना केच्या, ‘र’ जेच्या. पानावर ‘महाराष्ट्र’ दिसतो, पण फाईलच्या लेखी तो ई-जी-के-जे-के अशा माळेने सुरू होतो. कॉपी केलात तर हीच माळ हाती येते. ‘महाराष्ट्र’ टाइप करून शोधलंत तर काहीच सापडत नाही, आणि सर्च इंजिनलाही नाही. वेबसाइटवर अशा पीडीएफचे ढीग चढवणाऱ्या संस्थांनी हे एकदा करून बघावं.

मग युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, वापरलं की प्रश्न मिटला? अर्धाच. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार पानावर दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यामुळे कॉपी केल्यावर ‘किल्ला’चं ‘िकल्ला’ होतं, ‘धर्म’चं ‘धमर्’. आकारांसोबत मूळ मजकूर जोडून ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे, तिचं नाव ‘ॲक्च्युअलटेक्स्ट’. लिब्रेऑफिस ती वापरतं, पण सगळी सॉफ्टवेअरं वापरत नाहीत. तेव्हा मजकूर हवा असेल तर तो पीडीएफमधून नव्हे, मूळ फाईलमधून काढा आणि ज्या फॉन्टमध्ये टाइप केलाय त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करा. श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टसंचातला मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरला घातला तर जोडाक्षरांचा चुराडा ठरलेला. बदललेल्या मजकुराचं प्रूफ वाचावंच लागतं. त्यातही रफार, ‘ऱ्य’ आणि ‘क्ष’ आधी तपासा.

रंगांचं थोडक्यात. विंडोजच्या ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला ब्लीड (कापताना पांढरी कड उरू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला भाग) कळत नाही आणि रंग ती आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात, देते. प्रेसमध्ये त्याचं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, करताना काळा मजकूर बहुतेकदा चारही प्लेटांवर जातो, आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी शिरोरेषेला रंगीत सावली येते. इनडिझाइनमधून थेट एक्सपोर्ट करा. जुन्या यंत्रणेसाठी पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफ-प्रकार. पारदर्शकता तशीच ठेवायची असेल आणि प्रेसला चालत असेल तर एक्स-४. ब्लीड ३ मिमी, म्हणजे ए-४ चं पान २१६ बाय ३०३ मिमीचं झालं पाहिजे. मग ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये काळ्या प्लेटची टिक काढा. मजकूर पूर्ण गायब झाला तर ठीक. करडी छटा मागे राहिली तर फाईल परत घ्या.

कर्व्ह करणं लग्नपत्रिकेला, व्हिजिटिंग कार्डाला, फ्लेक्सला ठीकच. दोनशे पानांच्या पुस्तकाला नाही. फाईल फुगते, बारीक अक्षर स्क्रीनवर जाड दिसतं, शोधायला मजकूरच उरत नाही आणि एक काना दुरुस्त करायचा तर सगळी ओळ नव्याने लावायची.

मूळ फाईल टाकून देण्याचा सल्ला याच कारणाने महागात पडतो. सबसेट फॉन्टमध्ये मजकुरात वापरलेलीच अक्षरं असतात. आधी कुठेच नसलेला ‘ज्ञ’ पीडीएफमध्ये घालायला गेलात तर तो सापडणार नाही. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. तिच्या फायली इनडिझाइन सीएस-६ पर्यंतच उघडतात, नंतरच्या सीसी आवृत्त्यांत नाही. कपाटात अशा सीड्या असतील तर सीएस-६ चालणारं एक मशीन मोडीत काढण्याआधी त्या फायली उघडा, इनडिझाइनमध्ये सेव्ह करा, आणि फॉन्ट व चित्रं त्याच फोल्डरमध्ये ठेवा.